ज्योला ‘मुलासारखी’ म्हणण्यामागची गोष्ट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत मुलींच्या वाचनगटासाठी ‘चौघीजणी’ (लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद) घेतली की पहिल्याच बैठकीत त्या चार बहिणींतल्या ज्योसाठी एक शब्द येतो : दांडगी. पाठोपाठ दुसरा येतो, ‘मुलासारखी’. एखादी आजी ओट्यावरूनच अहिराणीत सांगते, ‘आंडेरनी जात शे’ (मुलीची जात आहे), आणि पुढचं वाक्य सांगावं लागत नाही. कथानक इथे पुन्हा सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो या शब्दाचा.

मूळ ‘लिटल विमेन’च्या पहिल्याच प्रकरणात तो शब्द ‘टॉमबॉय’ असा येतो, तोही ज्योची बहीण बेथच्या तोंडी : ज्यो टॉमबॉय आणि एमी बावळट, तर मग मी कोण? या शब्दाचा प्रवास विचित्र आहे. सोळाव्या शतकात तो धांगडधिंगा करणाऱ्या मुलग्यांसाठी होता. काही दशकांतच तो निर्लज्ज, धीट बायकांसाठी वापरला जाऊ लागला आणि मग मुलांसारखे खेळ खेळणाऱ्या मुलींना चिकटला. म्हणजे ज्योपर्यंत येईतो त्याच्या पोटात एक शिवीही जाऊन बसली होती. मराठीत ‘दांडगी’ म्हटलं की अंगातली रग दिसते, ‘आगाऊ’ म्हटलं की जीभ दिसते, ‘अवखळ’ म्हटलं की सगळं गोड होऊन जातं. यातल्या एकाही शब्दात ज्योचं दुखणं येत नाही. झाडावर चढायला मिळत नाही एवढंच तिचं दुखणं नाही. वडील युद्धावर गेलेत, घरात पैसा नाही, आणि पंधरा वर्षांची ती आता घरातला पुरुष मीच असं म्हणते. ‘मुलासारखी’ हे आपण तिला लावलेलं विशेषण नव्हे, तिनं स्वतः उचललेलं ओझं आहे. आईच्या प्रवासासाठी केस विकून ती 25 डॉलर आणते तेव्हा ते उघड दिसतं. तिच्याजवळ देखणं असं तेवढंच होतं, आणि रात्री ती हुंदका दाबून रडते.

पुस्तक लिहिलं गेलं तेच मुळी प्रकाशकांनी मुलींसाठी काहीतरी द्या म्हणून गळ घातल्यावर. लेखिकेला ते काम नको होतं. आपल्या बहिणींखेरीज फारशा मुली आपल्याला ठाऊक नाहीत, असं तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. पहिला भाग 1868 साली आला, दुसरा 1869 साली. त्या ज्योची भाषा रांगडी होती. ती शिट्टी वाजवायची, मुलग्यांची बोलभाषा बोलायची. 1880 च्या आवृत्तीत दोन्ही भाग एकत्र करताना ही बोलभाषा बरीच घासूनपुसून घेतली गेली. आईचं रूपही बदललं : आधी अंगानं भरलेली होती, ती उंच झाली. पुढची असंख्य पुनर्मुद्रणं याच मजकुरावरून निघाली. ज्यांची बोली शाळेत जाताच ‘सुधारली’ जाते त्या अहिराणी घरांतल्या मुलींना यात काय गेलं हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मते ही हानी ज्योच्या लग्नाहून मोठी आहे.

लग्नाबद्दल मात्र सगळे बोलतात. पहिला भाग गाजताच वाचक मुलींनी पत्रं लिहून विचारलं, कोणाचं लग्न कोणाशी? कुणाला खूश करण्यासाठी ज्योचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावणार नाही, असं अविवाहित लेखिकेनं ठरवलं आणि मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक आणून उभा केला. 1933, 1949, 1994 आणि 2019 च्या चित्रपटांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा हाताळला. 2019 च्या चित्रपटात ज्यो प्रकाशकाशी घासाघीस करून स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवते. खऱ्या लेखिकेनेही तो ठेवला होता आणि त्यावरच घर सावरलं.

लिहिणारी ज्यो पाहायची तर तिचा लिहिण्याचा वेश पाहावा. टाक पुसायला काळा लोकरी ॲप्रन आणि डोक्यावर लाल फितीची टोपी. टोपी कपाळावर ओढलेली असली की काम जोरात आहे, तिरकी झाली की मजकूर रंगात आलाय, जमिनीवर पडली की आत पाऊल टाकायचं नाही. घरच्यांना टोपी वाचता येत होती.

पुढच्या बैठकीसाठी आठवं प्रकरण आणावं. एमी ज्योचं हस्तलिखित जाळते, ज्यो बोलणं टाकते, एमीच्या पायाखालचा बर्फ फुटतो. त्या रात्री आई सांगते की गेली 40 वर्षं आपण राग आवरायला शिकतोय आणि जवळजवळ रोज राग येतोच. पानं मुलींनी वाचावीत. आईचं बोलणं मात्र सोबत आलेल्या आई-आजींपैकी कुणीतरी वाचावं, हवं तर अहिराणीत.