७.६२ नेटो की .३०८ विंचेस्टर: इशापूर २ए१ मध्ये नेमकं काय घालायचं

इशापूर २ए१ ही आपल्या इशापूर कारखान्यात बनलेली लष्करी रायफल ज्यांच्याकडे आहे (म्हणजे बहुतेक परदेशात राहणारे, कारण आपल्याकडे .३०३ आणि ७.६२ दोन्ही प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाच्या, साध्या लायसन्सवर मिळतच नाहीत) त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रायफलवर लिहिलंय ७.६२, दुकानात सगळीकडे मिळतं ते .३०८ विंचेस्टर काडतूस, मग ते चालेल का? यावर अर्धे लोक सांगतात की दोन्ही एकच आहे, बिनधास्त घाला, आणि उरलेले अर्धे सांगतात की .३०८ चं प्रेशर भयंकर जास्त असतं, रायफल हातात फुटेल. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, कारण खरा फरक जिथे आहे तिकडे या भांडणात कोणी बघतच नाही.

पण त्याआधी हातातली रायफल खरंच ७.६२ आहे ना ते बघा. इशापूर कारखान्याने आधी कित्येक वर्षं .३०३ ची जुनी एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) बनवली आणि १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात त्याच साच्यावर ७.६२ वाली २ए आणि मग २ए१ काढली, त्यामुळे लांबून दोघी सारख्याच दिसतात. २ए१ चं मॅगझिन जास्त चौकोनी असतं, मागचं साईट ८०० मीटरपर्यंतच जातं (.३०३ वर २००० पर्यंत आकडे असतात) आणि दस्त्याच्या पुढच्या लोखंडी भागावर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर), ७.६२ एमएम, २ए१ आणि वर्ष असं कोरलेलं असतं. याच कारखान्याने जुन्या .३०३ रायफली .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्येसुद्धा बदलल्या होत्या, आणि सिव्हिलियन लोकांसाठीची .३१५ तर वेगळीच. म्हणून चेहरा बघून काडतूस ठरवू नका, कोरलेलं वाचा, आणि कोरलेलं पुसट असेल किंवा नळी बदलल्याची शंका असेल तर गनस्मिथकडून चेंबरचं (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीचं) कास्टिंग, म्हणजे मोजायला साचा, करून घ्या.

आणखी एक, नुसतं "७.६२" म्हणणं पुरेसं नाही. एके-४७ ची गोळी पण ७.६२ च, पण तिची पुंगळी (दारू भरलेली पितळी नळी) ३९ मिलिमीटरची. आपल्याला हवी ती ५१ मिलिमीटरवाली, आपल्या लष्कराची जुनी एसएलआर रायफल जी खायची ती.

आता मूळ मुद्दा. .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये शिकारीसाठी बाजारात आलं, ७.६२ नेटो १९५४ मध्ये अधिकृत झालं, दोन्ही एकाच लष्करी प्रयोगातून निघालेली भावंडं. बाहेरून मोजलं तर काडतुसं जवळजवळ सारखीच, बुलेटचा व्यास दोन्हीत .३०८ इंच.

प्रेशरचा घोळ असा आहे की .३०८ साठी काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन सामी संस्थेची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आणि ७.६२ साठी जुन्या अमेरिकन लष्करी कागदांत ५०,००० पीएसआय असं छापलेलं, ते शेजारी शेजारी ठेवले की बारा हजारांचा फरक दिसतो आणि माणूस घाबरतो. पण तो ५०,००० चा आकडा तांब्याचा तुकडा चेपून मोजायच्या जुन्या पद्धतीचा आहे आणि ६२,००० हा इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा, दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेलं आहे ते. एकाच पट्टीने मोजलं तर दोघं अगदी जवळ येतात, युरोपातल्या सीआयपी संस्थेची .३०८ ची मर्यादा ४१५ मेगापास्कल म्हणजे साधारण ६०,००० पीएसआय आहे आणि नेटोची ७.६२ साठीची मर्यादा पण तेवढीच. तेव्हा .३०८ म्हणजे बॉम्ब ही गोष्ट डोक्यातून काढून टाका.

मग फरक कुठे आहे? चेंबरमध्ये, आणि पुंगळीच्या भिंतीच्या जाडीत.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद केल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा मिळते ते ठरवणारं माप म्हणजे हेडस्पेस. .३०३ ला बुडाशी कडा असते, ती कडाच काडतुसाला धरून ठेवते. ७.६२ ला तशी बाहेर आलेली कडा नाही, ते पुंगळीच्या खांद्यावर अडतं, त्यामुळे बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर इथे फार महत्त्वाचं. .३०८ चे गेज (हे अंतर तपासायला काडतुसाच्या जागी घालायचे पोलादी तुकडे) बघितले तर गो (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) १.६३० इंच, नो-गो १.६३४ आणि फील्ड (शेवटची मर्यादा) १.६३८. म्हणजे बोल्ट फील्ड गेजवर बंद झाला की .३०८ च्या हिशोबाने रायफल बाद. लष्करी ७.६२ चं चेंबर मात्र मुद्दाम सैल ठेवतात, कारण चिखल, धूळ, तापलेली नळी या सगळ्यात काडतूस आत जायला पाहिजे, आणि तिथे १.६४५५ इंचापर्यंत चालवून घेतात. ते चालतं कारण नेटोच्या पितळी पुंगळीच्या भिंती जाड असतात, थोडं ताणलं तरी सहन करते. दुकानातल्या .३०८ ची पुंगळी साधारणपणे पातळ असते, सैल चेंबरमध्ये ती फायर झाल्यावर पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि बूड मागे बोल्टकडे ढकललं जातं, मधला भाग ताणून पातळ होतो आणि शेवटी तिथेच तुटतो. बूड बाहेर, बाकी पुंगळी आत अडकलेली, आणि नशीब वाईट असेल तर गरम गॅस मागे चेहऱ्याकडे.

एनफिल्डमध्ये हे जरा जास्तच होतं, कारण हिच्या बोल्टचे लग (दाब आल्यावर बोल्टला अडवून धरणारे उंचवटे) मागे आहेत, मॉझर रायफलसारखे पुढे नाहीत, त्यामुळे दाब आल्यावर बोल्ट आणि बॉडी दोन्ही किंचित लवचतात आणि तेवढी पुंगळी अजून ताणली जाते. २ए१ चं पोलाद .३०३ वालीपेक्षा सुधारित आहे हे खरं, ७.६२ च्या जास्त दाबासाठीच ते वापरलं होतं, पण लगची जागा तीच राहिली.

म्हणून माझं मत असं की .३०८ घालायचं की नाही हे डब्यावर ठरत नाही, तुमच्या स्वतःच्या रायफलच्या हेडस्पेसवर ठरतं. आधी बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतोय का बघा. सरप्लस (लष्कराने काढून विकलेल्या) रायफलींमध्ये बोल्ट अदलाबदल झालेले असतात आणि बोल्ट हेड स्क्रूने बसवलेलं असल्यामुळे तेही कोणीतरी बदललेलं असू शकतं, अशा रायफलचं हेडस्पेस काहीही असू शकतं. मग गेज लावून घ्या. .३०८ च्या फील्ड गेजवर बोल्ट बंद होत नसेल तर साधं .३०८ वापरायला मला काही अडचण दिसत नाही. बंद होत असेल पण लष्करी मर्यादेच्या आत असेल तर फक्त खरं नेटो-स्पेक जाड पुंगळीचं काडतूस वापरा. त्याच्याही पलीकडे गेलं असेल तर दुरुस्तीशिवाय फायर करू नका, एक राउंडसुद्धा नाही.

गेज झाल्यावरसुद्धा पहिल्या काही रिकाम्या पुंगळ्या फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर चकचकीत गोल रेघ दिसली तर तिथे पितळ पातळ झालंय. खात्री करायची असेल तर एक पेपरक्लिप सरळ करा, टोक थोडंसं काटकोनात वाकवा, पुंगळीच्या तोंडातून आत घाला आणि भिंतीला घासत बुडापासून वर ओढा. आत खाच असेल तर टोक तिथे अडकतं, बोटाला स्पष्ट जाणवतं. एकाच फायरिंगमध्ये अशी खाच पडत असेल तर डब्यावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही, थांबा. रीलोडिंग करणाऱ्यांनी (रिकाम्या पुंगळ्या परत भरणाऱ्यांनी) तर हे प्रत्येक वेळी करावं, आणि डाय (पुंगळीला परत आकार देणारा साचा) पूर्ण खाली घेऊन दर वेळी खांदा मागे ढकलत बसू नये, त्यानेच पुंगळ्या लवकर मरतात.

डबा निवडताना १४७ ते १५० ग्रेन वजनाच्या बुलेटचं साधं बॉल (लष्करी साधं काडतूस) घ्या, लष्करी एम८० च्या जवळपासचं. १८० ग्रेनचे, मॅग्नमसारख्या वेगाची जाहिरात करणारे शिकारी लोड या जुन्या ॲक्शनला कशाला द्यायचे? ते मर्यादेच्या आत असतात मान्य, पण रायफल ५०-६० वर्षांची आहे आणि आधीच्या मालकांनी तिच्यात काय काय उडवलं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. काडतुसावर किंवा चेंबरमध्ये तेल राहू देऊ नका, तेलामुळे पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

बुडावरचे शिक्केसुद्धा वाचत जा. वर्तुळात अधिक चिन्ह असेल तर नेटो-स्पेक. ओएफव्ही म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना, केएफ म्हणजे पुण्यातल्या खडकीचा, आणि खडकीच्या जुन्या .३०३ मध्ये प्रायमर (काडतूस पेटवणारी टोपी) कोरोसिव्ह असतात, म्हणजे नळीला गंज आणणारे क्षार सोडतात. तो माल २ए१ चा नाहीच, पण घरात दोन्ही रायफली असतील तर .३०३ चालवल्यावर तिची नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत, आणि दोघींचे डबे एका कपाटात ठेवू नका.