काहून दिसत नाही बे? रास्पबेरी पाय, काळा टीव्ही आणि गायब वायफाय

हातात मावणारा एक हिरवा बोर्ड, त्याला टीव्ही जोडायचा, कीबोर्ड-माउस लावायचा, मोबाइलच्या चार्जरसारख्या पिनेतून करंट द्यायचा आणि झाला पूर्ण लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) कॉम्प्युटर. रास्पबेरी पाय. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या लोकांनी तो २९ फेब्रुवारी २०१२ ला विकायला काढला तेव्हा किंमत होती ३५ डॉलर आणि मूळ हेतू होता पोरांनी प्रोग्रामिंग शिकावं हा. आता तो आपल्याकडे खेड्यापाड्यातही दिसतो, कुठं झेडपीच्या शाळेत जुन्या टीव्हीमागे लटकवलेला, कुठं इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यानं वावरात माती किती ओली ते मोजायला लावलेला.

आणि जिथं तो पोहोचतो तिथं दोन तक्रारी ठरलेल्या. "सर, लाइट तं लागून राहिला पण टीव्हीवर काहीच दिसून नाही राहिलं," ही पहिली, आणि "वायफाय सकाळी होतं, आता काहून गेलं?" ही दुसरी. मग पोट्टे यूट्यूब उघडतात, दिसेल ती कमांड मारत सुटतात, मेमरी कार्ड पुन्हा पुन्हा फॉरमॅट करतात, आणि शेवटी लिनक्सच बेकार म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की कीबोर्डला हात लावायच्या आधी वायर बघा. टीव्हीचा लोचा वेगळा आणि वायफायचा वेगळा असं वाटतं खरं, पण दोघंही एकाच बोर्डावर, एकाच पाच व्होल्टवर आणि एकाच हवेत काम करतात, त्यामुळं एकाचं दुखणं बरेचदा दुसरीकडे दिसतं.

आधी त्या पाच व्होल्टचाच हिशेब करू, कारण आपल्या भागात अर्ध्याहून जास्त भानगडी इथंच असतात असं माझं मत आहे. पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो. हा वरचा पॉइंट एक उगाच नाही, वायरमध्ये थोडं व्होल्टेज पडणार हे धरूनच ठेवलेला आहे. आता आपण काय करतो, बाजारातून स्वस्तातली चार्जिंगची वायर आणतो. तिच्या आतली तांब्याची तार बारीक, समजा २८ गेजची, तर मीटरला साधारण ०.२ ओहम रेझिस्टन्स आला, आणि करंट जातो एका तारेनं व परत येतो दुसरीनं, म्हणजे एक मीटरच्या वायरीत झाले ०.४ ओहम. पायनं दीड अँपिअर ओढला की ओहमच्या नियमानं ०.६ व्होल्ट वायरीतच गेले. ५.१ मधून ०.६ गेले, उरले ४.५. आणि पायची चिप साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की व्होल्टेज कमी पडलं असं धरते आणि स्वतःचा स्पीड पाडते. मोबाइलला हीच वायर चालते कारण मोबाइलमध्ये बॅटरी आहे, कमी मिळालं तर तो हळू चार्ज होतो एवढंच. पायला बॅटरी नाही, जे येईल त्याच्यावर त्याच क्षणी चालायचं.

त्यात आपली लाईन. गाव डीपीपासून दूर, संध्याकाळी सगळे पंप चालू, व्होल्टेज आधीच मरतुकडं. मे महिन्यात वर्गात कुलर लावला की मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, तेवढ्यापुरतं व्होल्टेज आणखी बसतं, चांगला अडॅप्टर ते झेलतो आणि हलका झेलत नाही. बाहेरून दिसतं काय, तर कुलर लावला की वायफाय तुटतं. लोक म्हणतात कुलरच्या हवेनं तुटतं! वायफायचा रेडिओ सिग्नल पाठवतो तेव्हा झटक्याझटक्यानं करंट मागतो, त्यामुळं व्होल्टेज कमी पडलं की आधी तोच डगमगतो.

तपासायची सोय पायमध्येच आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, व्हीसीजेनसीएमडी लिहायचं, मग स्पेस, मग गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००५ आलं तर या घडीला व्होल्टेज कमी आहे आणि चिपनं स्पीड पाडलाय. आणि ०एक्स५०००० आलं तर आता ठीक आहे पण मशीन चालू केल्यापासून मधे कधीतरी असं होऊन गेलंय, हा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण रात्री लाईनीनं काय केलं ते सकाळी कळतं, फक्त तोवर पाय बंद करायचा नाही. टीव्ही चालत असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्हही येतं. टीव्हीच काळा असेल तर बोर्डावरचा लाल दिवा बघा, पाय ३ आणि पाय ४ या मॉडेलांमध्ये तो व्होल्टेज पडलं की विझतो, म्हणजे लुकलुकत असेल तर समजून घ्यायचं. उपाय साधा: आखूड आणि जाड वायर, पाय ४ ला खरा ३ अँपिअरचा अडॅप्टर, पाय ५ ला ५ अँपिअरचा.

बरं, करंट ठीक आहे तरी टीव्ही काळाच. तर पाय चालू कसा होतो ते थोडं माहीत पाहिजे. आपल्या साध्या कॉम्प्युटरसारखं यात मुख्य प्रोसेसर आधी जागा होत नाही, आधी जागी होते ती ग्राफिक्सची चिप, ती मेमरी कार्डावरून आपल्या फाइली उचलते, पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दाखवते आणि मग लिनक्सला उठवते. म्हणजे तो रंगीत चौकोन येऊन तिथंच अडकला तर टीव्ही आणि एचडीएमआयची, म्हणजे टीव्हीला चित्र नेणारी, वायर दोन्ही चांगली आहेत, दोष पुढं आहे, बहुतेक कार्डात. काहीच आलं नाही तर हिरवा दिवा मोजा. चारदा लुकलुकून थांबत असेल तर सुरुवातीची फाइल सापडली नाही, सातदा असेल तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सापडला नाही. लाईन अचानक गेली तेव्हा कार्डावर लिहिणं चालू असेल तर फाइली अशा बिघडतात, आणि आपल्याकडे लाईन कुणाला विचारून जात नाही.

हिरवा दिवा मात्र नीट, बेफाम लुकलुकतोय आणि तरी अंधार, तर पाय चालू आहे, फक्त टीव्हीशी त्याचं बोलणं झालेलं नाही. एचडीएमआयच्या वायरीत १९ पिना असतात. त्यातल्या १९ नंबरच्या पिनेवर टीव्ही सांगतो की मी आलोय, आणि दुसऱ्या दोन पिनांवरून तो निदान १२८ बाइटची एक छोटी माहिती देतो: माझी साइज एवढी, मला हे-हे रिझोल्युशन (आडवे-उभे किती ठिपके) चालतं. ही माहिती मिळाली नाही तर पायला काय पाठवावं कळतच नाही. आता लोडशेडिंगचा प्रसंग घ्या. लाईन आली, पाय लगेच सुरू झाला, टीव्ही मात्र लाल दिवा लावून स्टँडबायमध्ये बसलाय कारण त्याला रिमोटनं उठवावं लागतं. पाय विचारतो, कुणी आहे का? काही टीव्ही या अवस्थेत उत्तरच देत नाहीत. मग नंतर रिमोट दाबून उपयोग होईलच असं नाही, पडदा काळाच राहतो आणि मास्तर म्हणतात बोर्ड जळला. जळलेला काही नसतो. टीव्ही आधी चालू करा, पाय नंतर, एवढ्यानंच पुष्कळ बोर्ड जिवंत होतात.

रोज एवढं कोण करणार, म्हणून कायमचा इलाज. इथं मात्र एक गोम आहे. जुन्या सल्ल्यात सांगतात की कॉन्फिग डॉट टीएक्सटी या फाइलीत एचडीएमआय फोर्स हॉटप्लग बरोबर १ असं लिहा. पायच्या लिनक्सच्या २०२१ च्या बुल्सआय नावाच्या आवृत्तीपासून डिस्प्लेचं काम लिनक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) गेलं आणि तो ड्रायव्हर ही जुनी ओळ वाचतच नाही, म्हणून लोक ओळ लिहितात, काही होत नाही, आणि डोकं धरून बसतात. नव्या आवृत्तीत कार्डावरच्याच सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी या फाइलीत जायचं आणि तिथल्या एकुलत्या एक ओळीच्या शेवटी, एंटर न दाबता, स्पेस देऊन लिहायचं: व्हिडिओ बरोबर एचडीएमआय, डॅश, ए, डॅश, १, कोलन, मग १९२०एक्स१०८०, ॲटचं चिन्ह, ६० आणि शेवटी कॅपिटल डी. व्हिडिओ हा शब्द स्मॉलमध्ये, एचडीएमआय आणि ए कॅपिटलमध्ये. शेवटचा तो डी म्हणजे टीव्ही उत्तर देवो न देवो, तू चित्र पाठव. आणि हे करायला पडदा दिसायची गरज नाही, कार्ड काढून कुठल्याही लॅपटॉपमध्ये घातलं की ही फाइल उघडता येते.

पाय ४ मध्ये दोन छोटे पोर्ट आहेत, करंटच्या पिनेला चिकटून असलेला पहिला. टीव्ही त्यातच लावा. आणि शाळेतला एचडीएमआय नसलेला जुना व्हीजीए मॉनिटर कन्व्हर्टर लावून चालवत असाल तर तो कन्व्हर्टर करंट पायकडूनच घेतो, म्हणजे आपण परत पाच व्होल्टवर आलो.

आता वायफाय. पाय ३ पासून, म्हणजे २०१६ पासून ते बोर्डावरच आहे. नवीन कार्ड घातलं आणि वायफाय बंदच दिसतं तर बहुतेक वेळा देश सांगायचा राहिलेला असतो. कुठल्या देशात कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलायची मुभा आहे याचे कायदे वेगळे, म्हणून पाय ३ बी प्लस आणि त्यानंतरचे बोर्ड देश कळेपर्यंत रेडिओ चालूच करत नाहीत. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये जाऊन इंडिया निवडायचं. चुकून अमेरिका राहिली तर राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर असला की तो दिसणारच नाही, कारण तिकडे साधारण ११ पर्यंतच वापरतात.

दुसरा घोटाळा मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. बरेच नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या वरच्या पट्ट्यात, सुरू करतात, आणि पहिला पाय ३ किंवा पाय झिरो डब्ल्यू फक्त २.४ ऐकतो. मित्राच्या मोबाइलला दिसतो, पायला दिसत नाही, म्हणून पायला शिव्या. फोनच्या सेटिंगमध्ये २.४ करा, संपलं.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो तिसरा प्रकार, ज्यात टीव्हीच वायफाय खातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये जगभरच्या पाय ४ वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की मोठा मॉनिटर लावून रिझोल्युशन २५६० बाय १४४० केलं की वायफाय मरतं आणि रिझोल्युशन खाली आणलं की परत येतं. कारण असं सांगतात: या रिझोल्युशनला एचडीएमआयचं घड्याळ, म्हणजे चित्राचा डेटा ज्या ठोक्यावर जातो तो ठोका, २४१.५ मेगाहर्ट्झवर चालतं, आणि ज्या वायरीत घड्याळ चालतं तिच्यातून त्याच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सीही थोड्याथोड्या बाहेर सांडतात. २४१.५ ला दहानं गुणा. २४१५. आणि वायफायच्या पहिल्या चॅनलचा मध्य आहे २४१२ मेगाहर्ट्झवर, दुसऱ्याचा २४१७ वर. बरोबर मधे! राउटरचा सिग्नल लांबून थकून आलेला, आणि हा गोंगाट अँटेनाच्या बोटभर अंतरावर, कोण जिंकणार सांगा. रिझोल्युशन १०८० वर आणा, किंवा राउटरचं चॅनल ११ करा, किंवा गोंगाट अडवणारी चांगली जाळी आत असलेली एचडीएमआय वायर घ्या.

निळ्या यूएसबी पोर्टचंही तसंच. यूएसबी ३ मध्ये डेटा सेकंदाला ५ गिगाबिटनं जातो आणि त्याचा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून लिहून ठेवलंय. हार्ड डिस्क लावली की वायफाय गेलं असं कुणी सांगितलं तर हसू नका, डिस्क एका हाताच्या वायरीनं लांब ठेवायला सांगा.

भिंतींचं काय सांगायचं. २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, ती कोरड्या मातीच्या भिंतीतून बरी जाते, पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीतून कमी, आणि पत्र्यातून अजिबात नाही. शाळेत चोरीच्या भीतीनं पाय लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावतात आणि मग वायफाय येत नाही म्हणतात. येणार कुठून, चारही बाजूंनी लोखंड. सिग्नल आकड्यात बघायचा तर आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक ही कमांड आहे, त्यात उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आलं तर मस्त, उणे ८० आलं तर दम नाही. दोन्हीत फरक ३० चा वाटतो, पण दर १० ला ताकद दहापट कमी होते, म्हणजे प्रत्यक्षात हजारपट.

गरमीचं एवढंच की चिप ८० अंशांच्या वर गेली की स्पीड पाडायला लागते, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात बाहेरच ४६ असतं, तर टिनाच्या खोलीत विचारूच नका. छोटा पंखा लावा, बंद डबीत ठेवू नका.

शेवटची एक भानगड अशी की ती वायफायची वाटते पण नसते. वायफाय जोडलेलं आहे, सिग्नल फुल आहे, तरी वेबसाइट उघडत नाही, ब्राउझर सर्टिफिकेटच्या, म्हणजे वेबसाइट खरी असल्याच्या दाखल्याच्या, नावानं ओरडतो. तारीख बघा. पाय ४ पर्यंतच्या कुठल्याच बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, लाईन गेली की वेळ थांबली, आणि परत आल्यावर तो बंद पडायच्या आधीचीच तारीख धरून बसतो. बंद किती दिवस होता त्याला माहीत नसतं. एरवी इंटरनेटवरून वेळ आपोआप मिळते, पण नेटवर्कमध्ये तो रस्ता बंद केलेला असला तर मिळत नाही, आणि वेबसाइटचं सर्टिफिकेट त्या जुन्या तारखेला निघालेलंच नसतं, म्हणून ब्राउझरला ते खोटं वाटतं. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळाचं मॉड्यूल मिळतं, बटणासारखा सेल घालून ते पिनांवर बसवायचं. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच दिलंय, फक्त त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती बरेच जण घेतच नाहीत.