लांबीकडून विणलेला मफलर

दोन सुयांवर मफलर विणायचा म्हणजे सहसा तीसचाळीस टाके घालायचे आणि गळ्याभोवती दोन वेढे बसतील इतकी लांबी होईपर्यंत ओळीमागून ओळ विणत राहायचे. लांबीकडून विणताना हे उलटे होते. मफलरची सगळी लांबी पहिल्याच ओळीत सुईवर चढते आणि काम वाढत जाते ते रुंदीत.

मध्यम जाड लोकर आणि सहा नंबरची (५ मिमी) सुई घेतली, १० सेंमीत १८ टाके बसले आणि सगळ्या ओळी सुलट विणून तेवढ्याच उंचीत ३६ ओळी झाल्या, असे धरू. १६० सेंमी लांब, २० सेंमी रुंद मफलर नेहमीच्या पद्धतीने ३६ टाक्यांच्या ५७६ ओळींत होतो, तर लांबीकडून २८८ टाक्यांच्या ७२ ओळींत. दोन्हीकडे टाके २०,७३६च. म्हणजे ‘असा मफलर लवकर होतो’ या बोलण्यात तथ्य नाही. फार तर काम उलटवण्याचे कष्ट वाचतात. नवशिक्या हातांना एकेक ओळ मात्र संपता संपत नाही.

इतके टाके ३५ सेंमीच्या साध्या सुईवर मावत नाहीत. त्यासाठी दोन टोके लवचीक तारेने जोडलेली गोल सुई लागते, १०० सेंमी किंवा त्याहून लांब. सुई गोल असली तरी विणकाम गोल जोडायचे नाही; ओळ संपली की काम फिरवून परत यायचे.

खरी कसोटी टाके घालतानाच लागते. अंगठ्यावर धागा घेऊन टाके घालायचे तर लांबीच्या साधारण तिप्पट, म्हणजे इथे जवळजवळ पाच मीटर धागा आधी मोकळा सोडावा लागतो. अंदाज चुकला की २७० टाके झाल्यावर धागा संपतो आणि सगळे उसवावे लागते. त्यापेक्षा लोकरीच्या दोन गुंड्यांची टोके गाठीने बांधावीत, एक धागा अंगठ्यावर, दुसरा बोटावर घ्यावा आणि टाके पुरे झाले की अंगठ्याकडचा धागा कापून टाकावा. दर २५ टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचे कडे सुईत अडकवले, तर मोजणी चुकत नाही. टाके घट्ट पडले तर ती कड आखडते आणि मफलर केळ्यासारखा वाकतो. म्हणून टाके घालताना आणि शेवटी बंद करताना एका मापाने जाड सुई वापरावी.

या पद्धतीचे आकर्षण म्हणजे पट्टे. रंग बदलला की पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो. ब्रिटिश विद्यापीठांच्या स्कार्फवरही असेच लांब पट्टे असतात, पण ते मागावरच्या लोकरी कापडाच्या पट्ट्या शिवून केलेले. रंग बदलताना जुन्या आणि नव्या दोन्ही धाग्यांची १५ सेंमी टोके सोडली, की त्यांच्याच मफलरला दशा होतात आणि टोके आत ओवायचे कंटाळवाणे काम टळते. मात्र प्रत्येक रंगाच्या दोनच ओळी विणल्या तर धागा सुरू होतो त्याच टोकाला संपतो आणि दशा एकाच बाजूला येतात. दोन्हीकडे हव्या असतील तर दर ओळीला धागा कापावा, नाहीतर रंगाच्या ओळी विषम ठेवाव्यात. विषम ओळींत रंग कधी मागच्या बाजूने बदलतो. तिथे पुढून सरळ रेघेऐवजी तुटक ठिपके दिसतात. काहींना तेच आवडते.

सगळ्या ओळी सुलट किंवा साबुदाण्यासारखी दाणेदार वीण इथे उत्तम. दोन सुलट दोन उलट घेऊ नये: तिच्या घड्या आडव्या पडतात आणि मफलर लांबीतच आकसतो. एक ओळ सुलट, एक उलट ही वीण तर कुठूनही विणली तरी कडेने गुंडाळते.

लांबी पहिल्याच ओळीत ठरून जाते, नंतर वाढवता येत नाही. रुंदी मात्र शेवटपर्यंत हातात असते. लोकर कमी पडू लागली तर चार ओळी आधी थांबता येते, पण टाके बंद करायला लांबीच्या चौपट धागा राखून ठेवलेला हवा.