भर समुद्रातल्या बोटीपर्यंत हवामान पोचलं कसं

आज किनाऱ्यापासून हजार मैलांवर, शिडाच्या बोटीत बसून पुढच्या आठवड्याचा वारा पाहता येतो. पूर्वी खलाशाच्या हाताशी होता बॅरोमीटर, डोक्यावरचे ढग आणि रेडिओवर ठरल्या वेळी वाचलं जाणारं हवामानवृत्त. ते किती अपुरं पडायचं याचा पुरावा ऑगस्ट 1979 ची फास्टनेट ही शिडाच्या बोटींची शर्यत. निघताना सांगितलेल्या वाऱ्यापेक्षा कितीतरी मोठं वादळ वाटेत गाठ पडलं आणि 15 स्पर्धकांचा जीव गेला.

पहिला हवामान उपग्रह, टायरॉस-1, 1 एप्रिल 1960 रोजी सुटला आणि जेमतेम 78 दिवस चालला. बोटीवाल्यांसाठी खरी मोलाची गोष्ट घडली डिसेंबर 1963 मध्ये. टायरॉस-8 आपली चित्रं थेट खाली सोडू लागला. साधा रिसीव्हर असेल त्या कुणालाही, फुकट! मला हा निर्णय फार उदार वाटतो.

त्याच्या जोडीला रेडिओवरून येणारा हवामान-फॅक्स होता. मिनिटाला 120 ओळी या वेगाने नकाशा कागदावर हळूहळू उमटायचा. खरखर वाढली की नेमका आपल्याच भागावर काळपट पट्टा यायचा. पण नकाशावरच्या समभार रेषांवर, म्हणजे सारखा वायुभार असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवर, हवामानतज्ज्ञाची नजर फिरलेली असायची.

1998 मध्ये इरिडियम या उपग्रह-फोनची सेवा सुरू झाली. 66 उपग्रह, पण डेटाचा वेग सेकंदाला 2400 बिट. वीस किलोबाइटची फाइलही मिनिटभर घ्यायची. म्हणून ग्रिब फाइल सोयीची ठरली: अक्षांश-रेखांशांची चौकट ईमेलने कळवायची, तेवढ्याच चौकटीतले वारा आणि वायुभाराचे आकडे परत येतात. शिवाय 1999 पासून क्विकस्कॅटसारखे उपग्रह लाटांवरच्या बारीक तरंगांवरून रडारने वारा मोजू लागले आणि जिथे एकही जहाज नाही तिथलीही नोंद हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या प्रारूपांना मिळाली.

ग्रिबमध्ये मात्र माणसाचा हात नसतो. ते प्रारूपाचं कच्चं उत्तर. वाऱ्याचे अचानक येणारे झोत त्यातल्या सरासरी वाऱ्यापेक्षा बरेच जोराचे असतात. म्हणून जाणते खलाशी आजही दर काही तासांनी बॅरोमीटरचा आकडा वहीत लिहितात. ग्रिब वायुभार 1012 हेक्टोपास्कल म्हणतंय आणि काटा 1006 वर आलाय, तर कमी दाबाचा पट्टा अंदाजापेक्षा जवळ आलाय किंवा जास्त खोल झालाय, आणि शीड त्याच क्षणी आखडायला घ्यायचं.