चार पेले, चार पिंपं: बैठकीला येण्याआधी वाचण्यासाठी

इंदूरमधल्या आमच्या पुढच्या बैठकीसाठी नाव नोंदवल्याबद्दल मनापासून आभार. त्या संध्याकाळी तुमच्यापुढे चार पेले असतील. चारही पेल्यांतली व्हिस्की भारतातल्या एकाच डिस्टिलरीची, जवाच्या एकाच पद्धतीच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, केलेली आणि चार वर्षं मुरलेली आहे. फरक एवढाच की ती मुरली वेगवेगळ्या पिंपांत, आणि प्रत्येक बाटली एकाच पिंपातून भरलेली आहे. लेबलवर 'सिंगल कास्क' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच.

"चारच वर्षं? बारा वर्षांची नाही का?" हा प्रश्न दर वेळी येतो. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे ओकच्या लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षं काढल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही, म्हणून तिथल्या हिशेबाने चार वर्षं म्हणजे कोवळं वय. पण तिकडच्या थंड गोदामात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, तर बंगळुरू-गोव्याच्या हवेत १० टक्क्यांच्या आसपास. उन्हाने स्पिरिट, म्हणजे गाळलेली कडक दारू, लाकडात जोरात शिरतं आणि लाकडातलं घेऊन बाहेर येतं. कैरीचं लोणचं मे महिन्यात जसं मुरतं तसं ते थंडीत मुरत नाही, तीच गोष्ट इथे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ साली आपली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त जवाच्या माल्टची व्हिस्की) थेट ग्लासगोत विकायला नेली, तेव्हा तिच्या अंगात हीच उष्णता होती. आणि थंड हवेतही कोवळेपण म्हणजे कच्चेपण नव्हे: स्कॉटलंडच्या आयला बेटावर २००५ साली सुरू झालेल्या किलहोमन डिस्टिलरीने पहिली सिंगल माल्ट २००९ मध्ये बाजारात आणली आणि जाणकारांनी ती आनंदाने घेतली. लेबलवरचा वर्षांचा आकडा पाहून बाटली निवडू नका, एवढं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

आता पिंपांकडे. नवा माठ आणला की पहिले काही दिवस पाण्याला मातीचा वास येतो, पुढे तो कमी होत जातो. पिंपाचंही तसंच. आधीच्या दारूनंतर त्यात पहिल्यांदा व्हिस्की भरली तर ते भरभरून देतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात आखडता घेतं. आमची चारही पिंपं पहिल्या खेपेची आहेत.

पहिला पेला बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपाचा. अमेरिकेत बर्बन मुरवायला दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकच लागतं, त्यामुळे रिकामी झालेली पिंपं जगभर जातात. एक पिंप साधारण २०० लिटरचं. आतला कोळशाचा थर स्पिरिटमधला उग्र गंधकी वास शोषून घेतो, आणि अमेरिकन ओकमधून व्हॅनिला व नारळाच्या वडीसारखा गोडवा उतरतो. रंग फिकट, पण त्याखाली भाजलेल्या सातूच्या पिठाचा मूळ वास तुम्हाला सापडेल. या पिंपात स्पिरिटला काहीच लपवता येत नाही, म्हणून सुरुवात इथून. घाईने पुढच्या गडद पेल्याकडे जाऊ नका. पाच मिनिटं याच पेल्याला द्या, कारण उरलेले तीन याच्याशीच ताडून पाहायचे आहेत.

दुसरा ओलोरोसो शेरीचा, म्हणजे स्पेनच्या गडद, कडक वाइनच्या पिंपाचा. पूर्वी शेरी स्पेनहून पिंपांतूनच परदेशी जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो रस्ता बंद झाला. आज मिळतात ती बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच बनवून, काही काळ शेरी भरून तयार केलेली असतात. आमचं पिंप युरोपियन ओकचं आहे, त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, जास्त. खारीक, काळे मनुके, अक्रोडाची साल आणि मागे कडक चहाचा तुरटपणा. कधी काडी ओढल्यासारखा वास येतो, तेव्हा पेला दहा मिनिटं उघडा ठेवा. बैठकीत सगळ्यात जास्त मतं याच पेल्याला पडतात. आमचं प्रामाणिक मत वेगळं आहे: चार वर्षांच्या व्हिस्कीत शेरी कधी कधी इतकी वर बसते की खालचं धान्य हरवतं.

तिसरा कोऱ्या ओकचा: गूळ, लवंग, दालचिनी, सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं. दोन घोट पुरतात.

चौथा रेड वाइनचा. हे पिंप आतून तासून, शेकून, पुन्हा जाळलेलं आहे. ही रीत व्हिस्की-तज्ज्ञ डॉ. जिम स्वान यांनी रुजवली. तैवानच्या कावालान डिस्टिलरीच्या अशाच वाइन-पिंपातल्या सॉलिस्ट विन्यो बारिकला २०१५ साली वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरवलं गेलं, आणि तेव्हा ती फारशी म्हातारी नव्हती. लालसर रंग, जांभूळ, शेवटी आमसुलाची आंबट झाक. बर्बनचा पेला पुन्हा हुंगून मग हा घ्या, लाकूड काय करू शकतं ते तिथे कळतं.

प्रत्येक पेल्यात १५ मिलिलिटरच असेल, पण पिंपातून जशी निघाली तशी, म्हणजे ६० टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल असलेली. आधी नुसती हुंगा, जिभेवर थेंबभर घ्या, मग ड्रॉपरने पाणी घाला. वास उघडताना जाणवेल. अत्तर लावून येऊ नका. बैठकीआधी लौंग सेव आणि जीरावण घातलेले पोहेही टाळा, त्यानंतर तासभर जीभ काही सांगत नाही. सराफ्यातला खाऊबाजार रात्री उशिरापर्यंत चालू असतो, गराडू (तळलेला कंद) नंतर खा. गाडी मात्र घरी ठेवून या. एकवीस वर्षांखालील कुणालाही प्रवेश नाही.

बाटली आवडून नंतर मागवणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. एका पिंपातून जेमतेम दीड-दोनशे बाटल्या निघतात. गेल्या वर्षी एका ग्राहकांनी तीच शेरीची बाटली पुन्हा मागवली आणि चव वेगळी लागली म्हणून नाराज झाले. त्यांचं बरोबरच होतं, पिंप बदललं होतं आणि आम्ही ते सांगायला हवं होतं. आता प्रत्येक ऑर्डरवर पिंपाचा क्रमांक लिहून देतो. बाटली घरी उभीच ठेवा, आडवी ठेवली तर कडक स्पिरिटने बूच खराब होतं. आणि उन्हाळ्यात फ्रिजच्या डोक्यावर तर अजिबात नको.