मुलांमधील वजनवाढ

वय आणि उंचीच्या मानाने मुलाच्या शरीरात जास्त चरबी साठणे म्हणजे बालवयातील लठ्ठपणा. नुसत्या वजनाच्या आकड्यावरून तो ठरत नाही. पाच वर्षांपर्यंत उंचीनुसार वजन पाहतात; पुढे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून बी.एम.आय. काढतात आणि वय व लिंगाच्या तक्त्याशी ताडतात.

मराठवाड्यात लेकराची काळजी म्हणजे हडकुळेपणाची काळजी. दुष्काळ आणि ऊसतोडीच्या स्थलांतराने ती लावलेली आहे, आणि ती अजून खोटी नाही. त्यामुळे ‘अंगाने भरलं’ हे कौतुकच ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाली.

सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी खूण मानेवर असते. मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. काखेत आणि जांघेतही. आई न्हाणीत घासणीने मान लाल होईपर्यंत घासते, पट्टा जात नाही. तो मळ नव्हेच. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे ते लक्षण असते. रात्री घोरताना श्वास अडखळणारे मूल दिवसा वर्गात पेंगते आणि आळशी ठरते. लंगडत गुडघा दुखतो म्हणणाऱ्या जाड मुलाचा खुबाही तपासावा. तिथे मांडीच्या हाडाचे डोके सरकले असेल तर थांबून चालत नाही. मुलींची पाळी अनियमित होऊ शकते. यकृतातली चरबी मात्र बहुधा काहीच जाणवू देत नाही.

खाण्यातून वजन वाढलेले मूल सहसा उंचीलाही बरे असते. वजन वाढते आणि उंची थांबते, तेव्हा ग्रंथींचा आजार शोधावा लागतो. बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी न सोसणे ही थायरॉइड मंदावल्याची चिन्हे. चेहरा चंद्रासारखा गोल आणि पोटावर रुंद जांभळे पट्टे असतील, तर कॉर्टिसॉल हे शरीरातले संप्रेरक वाढलेले असू शकते. अनेकदा या खुणांचे मूळ बाहेरून घेतलेल्या, कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या स्टिरॉइड औषधात असते. दम्यावर दिलेल्या बिननावाच्या पुड्या म्हणूनच डॉक्टरांना दाखवाव्यात. त्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

वाढत्या वयात बऱ्याचदा वजन उतरवण्याऐवजी ते आहे तिथे रोखतात आणि उंचीला पुढे जाऊ देतात. उपास घडवत नाहीत. भाकरी, वरण, भाजी ताटात राहते; पाकिटातला खाऊ आणि गोड थंड पेये घरात आणणे थांबते, आणि रोज तासभर तरी दमवणारा खेळ हवा.