तांबे कितीही थंड केले तरी अतिवाहक होत नाही

फिरणारा समज असा: ‘तांब्याची तार पुरेशी थंड केली की तिचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) शून्य होतो, म्हणजे ती अतिवाहक होते.’ अर्धी गोष्ट खरी असल्याने तो सहज पटतो.

द्रव नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश सेल्सिअस) तांब्याचा रोध साधारण सात-आठ पटींनी घटतो. आणखी थंड केल्यावर मात्र तो एका पातळीवर थबकतो, कारण अशुद्धी आणि स्फटिकातले दोष इलेक्ट्रॉनांना अडवतच राहतात. शिशाचे तसे नाही. खोलीच्या तापमानाला ते तांब्याहून कितीतरी वाईट वाहक, पण सुमारे ७.२ केल्विनला (उणे २६६ अंश सेल्सिअस) त्याचा रोध एकदम नाहीसा होतो. तिथे इलेक्ट्रॉन जोड्यांनी, एकसंध अवस्थेत वाहतात. नुसत्या थंडीने हे घडत नाही, त्या पदार्थात जोड्या जुळाव्या लागतात.

पडताळायचे असेल तर यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची चकती घ्या. ती सुमारे ९२ केल्विनला (उणे १८१ अंश सेल्सिअस) अतिवाहक होते, म्हणून द्रव नायट्रोजनची थंडी पुरते. तिला चार तारा जोडा: बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टतेसाठी. दोनच तारा वापरल्या तर जोडांचा रोधही मोजला जातो आणि शून्य कधीच दिसत नाही. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजा, म्हणजे तापमानफरकाने येणारी व्होल्टता वगळता येते. द्रव नायट्रोजन हवेशीर खोलीतच हाताळा. बंद जागेत तो ऑक्सिजन हटवतो.